अमेरिकेच्या मेन राज्यात स्वयंपूर्ण राहण्यासाठी जमीन घ्यायची तर काय बघावं?

न्यू जर्सी सोडून मेनमध्ये १५-२० एकर घ्यायची, भाजीपाला, कोंबड्या, एखादी गाय, लाकडावर घर गरम ठेवायचं, आणि एकरी भाव कुठे कमी पडेल, असं तुम्ही विचारलंय. भाव सगळ्यात शेवटी बघा. आम्ल माती चुन्याने सुधारते, दगड वेचता येतात, घर नवं बांधता येतं. रस्ता, उताराची दिशा आणि जमिनीतलं पाणी मात्र पैसे ओतूनही फारसं बदलत नाही. तेच आधी तपासा.

स्वस्त जमिनीचं कारण बहुतेक वेळा रस्त्यात असतं. नकाशावर रेघ दिसते म्हणून तो गावाचा रस्ता ठरत नाही. तिथल्या गावांनी कितीतरी जुने रस्ते ‘डिसकंटिन्यू’ केलेत: लोकांना जायचा हक्क बऱ्याचदा राहतो, पण गाव ना खड्डे बुजवत ना बर्फ काढत. काही रस्ते गावाचेच असतात, तरी हिवाळ्यापुरते बंद ठेवायचा ठराव झालेला असतो. त्यामुळे टाउन ऑफिसात नेमकं हेच विचारा: या जमिनीच्या तोंडापर्यंत जानेवारीत गावाची बर्फ काढणारी गाडी येते का?

दुसऱ्याच्या जमिनीतून वाट असेल, तर वहिवाटीचा हक्क खरेदीखतात लिहिलेला हवा. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. त्यात रुंदी असावी (५० फूट असली तर पुढे अडत नाही) आणि विजेचे खांब, तारा न्यायचाही उल्लेख असावा. नुसता जाण्यायेण्याचा हक्क असला आणि शेजाऱ्याने खांबांना हरकत घेतली की वीज अडते. बांधावरच्या वाटेची भांडणं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालतात, तिथेही वेगळं नाही.

जमीन बघायला ऑक्टोबरात सगळेच जातात, तेव्हा मेपलचा रंग बघून कुठलीही जमीन आवडते. तुम्ही मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जा. मातीचा वरचा थर वितळलेला आणि खालचा अजून गोठलेला असतो, पाण्याला खाली जायला जागा नसते, कच्च्या रस्त्यात गाडी रुतते. याच दिवसांत बऱ्याच रस्त्यांवर २३,००० पौंडांच्या वरच्या वाहनांना बंदीचे फलक लागतात. काँक्रीटचा किंवा लाकडाचा ट्रक येत नाही. पाणी कुठे साचतं, हे या दिवसांत उघड दिसतं.

उतार दक्षिणेकडचा घ्या, आणि त्याचा मधला भाग. मेनमधलं बँगोर शहर ४४.८ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्हीला तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो, मुंबईत त्याच वेळी तो ४७ अंशांच्या वर असतो. म्हणजे ६० फुटी झाडाची सावली सपाट जमिनीवर सुमारे १५० फूट पडते. घराच्या किंवा सौर पॅनेलच्या दक्षिणेला तेवढी मोकळी जागा हवी, आणि ती तुमच्याच हद्दीत हवी. शेजाऱ्याचं रान तुम्हाला तोडता येणार नाही. उत्तरेकडे उतरणारी घरवाट टाळा, तिथला बर्फ एप्रिलपर्यंत हटत नाही. अगदी तळातली सपाट जमीन दिसायला छान असते, पण रात्री थंड हवा खाली उतरून तिथेच साचते. वरच्या उतारावर काही नसताना तिथे जूनमध्ये दंव पडून टोमॅटो जळतात.

निचरा बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कुदळीने दोन-अडीच फूट खड्डा घ्या. मातीत राखाडी आणि नारिंगी ठिपके दिसले, तर वर्षातला काही काळ पाणी तिथवर चढतं. झाडंही सांगतात: शुगर मेपल, पांढरा ॲश, बासवूड असेल तर जमीन सुपीक आणि निचऱ्याची, लाल मेपल, अल्डर, सिडर आणि पायाखाली मऊ शेवाळ असेल तर ओलसर. रानात जुन्या दगडी भिंती लागल्या तर तिथे कधीकाळी शेत किंवा कुरण होतं. ‘वेब सॉइल सर्व्हे’ हा सरकारी मातीचा नकाशा फुकट आहे, पण तो ढोबळ आहे, खड्डा घ्यायचाच.

निचऱ्यावरच सेप्टिक, म्हणजे घरचं सांडपाणी जमिनीत मुरवायची व्यवस्था, अवलंबून आहे. घर बांधायचं तर परवानाधारक साइट इव्हॅल्युएटरने (सांडपाण्यासाठी माती तपासणारा तज्ज्ञ) चाचणी-खड्डे घेऊन एचएचई-२०० हा सेप्टिकचा फॉर्म भरावा लागतो. छोट्या गावात बांधकामाचे नियम सैल असतील, सांडपाण्याचे मात्र राज्यभर लागू आहेत. बोअर आणि शोषक्षेत्र (सांडपाणी जिथे मुरतं ती जागा) यांत १०० फूट अंतर धरा, शेजाऱ्याचंही मोजून.

पाणी. बोअर नसेल तर मेन जिऑलॉजिकल सर्व्हे या राज्याच्या भूगर्भ खात्याकडच्या नोंदींत आसपासच्या बोअरची खोली आणि आवक बघा. मिनिटाला एक गॅलन ऐकायला फार कमी वाटतं, पण दिवसाला १,४४० गॅलन होतात, आणि सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला दीड गॅलन पाणी उभं असतं. प्रमाणापेक्षा प्रतीची काळजी करा. मेनच्या खडकात आर्सेनिक सापडतं. पिण्याच्या पाण्यासाठी केंद्र सरकारची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. चवीवरून, रंगावरून काहीच कळत नाही. रेडॉन आणि युरेनियमही तपासा. घरापर्यंतची पाइप पाच फूट खोल घाला, नाहीतर गोठते.

जुनं शेत घेत असाल तर ही चौकशी टाळूच नका: तिथे कधी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून टाकला होता का? अशा गाळातून पीफास ही सहजी न विघटणारी, घातक रसायनं जमिनीत, विहिरींत आणि दुधातही गेली. राज्याने २०२२ मध्ये गाळ टाकण्यावर बंदी घातली, पण आधी पडलेलं जमिनीतून जात नाही. गाळ टाकायला परवाना मिळालेल्या जागांचा पर्यावरण विभागाचा नकाशा आहे. जमीन त्यात किंवा जवळपास असेल तर माती-पाणी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता एकर किती. नीट इन्सुलेशन केलेल्या घराला वर्षाला ४ ते ६ कॉर्ड सरपण लागतं (एक कॉर्ड म्हणजे रचलेल्या लाकडाचे १२८ घनफूट), आणि सांभाळलेलं रान एकरी साधारण अर्धा कॉर्ड वाढतं. म्हणजे दहा एकर रान हवं, तेही मेपल, बर्च, ओक असलेलं. बीच आणि ॲशच्या भरवशावर राहू नका: बीचचा पानांचा रोग मेनमध्ये २०२१ पासून आहे, ॲश पोखरणारा भुंगेरा २०१८ पासून. गाय हिवाळ्यात दिवसाला २५ पौंड सुकं गवत खाते. २०० दिवसांचे अडीच टन, म्हणजे एकरी दोन टन धरून सव्वा एकर गवत, शिवाय दोनेक एकर कुरण. भाजी-बटाट्याला अर्धा एकर पुरतो. त्यामुळे २० एकरांत चार-पाच एकर आधीच मोकळे असतील अशीच जमीन शोधा. बुंधे उपटून शेत तयार करणं महाग आणि वर्षानुवर्षांचं काम आहे.

मध्य मेनमध्ये दंवाशिवायचे दिवस जेमतेम चार महिने, उत्तरेला त्याहून कमी. तूर, हळद उघड्यावर होणार नाही. आमटीला तिथला सुका घेवडा आहे, तो ९०-९५ दिवसांत येतो. मेथी-कोथिंबीर तिथल्या थंड हवेत छान येते, लसूण ऑक्टोबरात लावून जुलैत काढतात.

‘ट्री ग्रोथ’ या रान राखण्यासाठीच्या राज्याच्या कर-सवलतीत असलेलं रान कराला स्वस्त पडतं, पण घरासाठी त्यातून भाग बाहेर काढला की दंड बसतो: सवलतीचं आणि बाजारी मूल्यांकन यांतल्या फरकाच्या ३० टक्के, सवलत बरीच वर्षं जुनी असेल तर उतरत २० टक्क्यांपर्यंत. घराची जागा आधीच वगळलेली आहे का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

ऑफर देताना अटी कागदावर घाला: माती-चाचणीत सेप्टिक बसलं पाहिजे, बोअर असेल तर पाण्याचा अहवाल ठीक आला पाहिजे, हद्दीची मोजणी झाली पाहिजे, रस्त्याचा हक्क वकिलाने तपासला पाहिजे. विक्रेता यातली माती-चाचणीच नाकारत असेल, तर ती जमीन सोडा.