एम८३चा 'जंक' हा अल्बम खरंच फसलेला आहे का?

तुम्ही विचारलंय, "एम८३चं 'मिडनाइट सिटी' मला फार आवडतं, म्हणून 'जंक' ऐकायला घेतला आणि गोंधळलो. हा त्याच माणसाचा अल्बम आहे का? लोकांनी तेव्हा याबद्दल काय म्हटलं होतं, आणि तो पुन्हा ऐकण्यात अर्थ आहे का?"

हो, त्याच माणसाचा. आणि हो, अर्थ आहे. पण गोंधळलेले तुम्ही एकटे नाही. ८ एप्रिल २०१६ला हा अल्बम आला तेव्हा अनेक समीक्षक आणि जुने चाहते असेच बुचकळ्यात पडले होते.

तो गोंधळ समजायला थोडं मागे जायला हवं. एम८३ म्हणजे मुख्यतः अँथनी गोंझालेझ. जन्म १९८०चा, दक्षिण फ्रान्समधल्या अँतीबचा. बँडचं नाव एका दीर्घिकेवरून घेतलेलं. २००८मध्ये 'सॅटरडेज = यूथ' आला, तेव्हापासून ऐंशीचं दशक हा त्याचा उघड विषय झाला. मुखपृष्ठावरची तरुण मुलंमुली त्या काळातल्या अमेरिकन किशोरपटांतून उचलून आणल्यासारखी दिसतात, आणि जॉन ह्यूजच्या सिनेमांचं ऋण गोंझालेझने स्वतः मान्य केलेलं आहे. समीक्षकांनी तो अल्बम उचलून धरला. मग ऑक्टोबर २०११मध्ये आला 'हरी अप, वुइ आर ड्रीमिंग'. दोन डिस्क, २२ गाणी. पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला १०पैकी ९.१ दिले, 'मिडनाइट सिटी'ला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं, आणि अल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. त्या गाण्याची सुरुवातीची किंचाळी सगळ्यांच्या डोक्यात बसली. ती खरं तर गोंझालेझचाच आवाज आहे, बदलून बदलून वाद्यासारखा केलेला. जाहिराती, टीव्ही, खेळांची प्रक्षेपणं, सगळीकडे ते गाणं वाजू लागलं.

पुढची साडेचार वर्षं चाहते त्या गाण्याच्या धाकट्या भावाची वाट पाहत होते. म्हणजे मधे 'ऑब्लिव्हियन' या सिनेमाचं संगीत झालं, पण अल्बम तो अल्बम.

आणि मग १ मार्च २०१६ला 'डू इट, ट्राय इट' आलं. पियानोचे ठोकल्यासारखे सूर, टणटण उडणारा स्लॅप बास, बदललेला आवाज. मला तो दिवस आठवतो. आम्ही चार मित्र एम८३ मनापासून ऐकणारे, आणि चौघांची चार मतं. एकाने अर्ध्यावरच बंद केलं. महिन्याभराने अख्खा अल्बम आला तेव्हा धक्का आणखी मोठा होता. मुखपृष्ठावर केसाळ बाहुल्यांसारखे दोन विचित्र प्राणी, आणि आत सॅक्सोफोन, माउथ ऑर्गन, स्टीव्ह वाय यांचा गिटार सोलो ('गो!' मध्ये), एक फ्रेंच युगुलगीत, आणि जुन्या टीव्ही मालिकेच्या शीर्षकसंगीतासारखे काही तुकडे. निर्मितीत जस्टिन मेल्डल-जॉन्सन होताच, म्हणजे 'हरी अप'च्या वेळचेच हात. त्यामुळे 'हे चुकून झालं' असं म्हणायला जागा नव्हती.

समीक्षकांचा सूर संमिश्र होता. आक्षेप साधारण असे, की अल्बमला एकसंध चेहरा नाही, पाहुण्या गायकांमुळे गोंझालेझ स्वतःच हरवतो, आणि त्याने ऐंशीच्या दशकातलं जे निवडलंय ते निवडण्याच्या लायकीचंच नव्हतं. या शेवटच्या मुद्द्यापाशी मला थांबायचंय. ज्यांना अल्बम आवडला त्यांनी त्याच्या चालींचं आणि धाडसाचं कौतुक केलं. सुझान सुंडफोरने गायलेलं 'फॉर द किड्स' बहुतेकांना भिडलं. श्रोत्यांमध्ये फूट जास्त स्पष्ट होती. ज्यांना भव्यपणा हवा होता, रात्री शहरातून गाडी हाणताना छाती भरून येते तसा, त्यांना फसवल्यासारखं वाटलं. ज्यांनी एम८३ आधी फारसं ऐकलंच नव्हतं त्यांना त्यातली तीन-चार गाणी सहज आवडली.

आता माझं म्हणणं. आधीच्या दोन अल्बमांतलं ऐंशीचं दशक हे सिनेमाचं होतं. मोठा पडदा, पहिलं प्रेम, पाऊस, निऑन. त्या आठवणीला प्रतिष्ठा आहे, म्हणून समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली. 'जंक'मधलं ऐंशीचं दशक टीव्हीचं आहे. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून पाहायच्या मालिका, त्यांची लगबगीची शीर्षकगीतं, स्वस्त कीबोर्डचे काचेसारखे सूर. गोंझालेझने प्रेरणा म्हणून 'पंकी ब्रूस्टर' आणि 'हू इज द बॉस?' यांसारख्या मालिकांची नावं घेतली होती. त्या आठवणीला कुणी प्रतिष्ठा देत नाही. १९८३मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स७चा इलेक्ट्रिक पियानो ऐकला की 'स्वस्त' असं म्हणून मोकळे होतात, जरी तो कीबोर्ड तेव्हा जवळपास २००० डॉलरचा होता. म्हणजे वाद अल्बमच्या दर्जावर जितका होता तितकाच तो कुठली आठवण जपण्यासारखी आणि कुठली टाकून देण्यासारखी यावर होता. अल्बमचं नाव 'जंक' आहे! त्याने प्रश्न मुखपृष्ठावरच लिहून ठेवला होता.

मला हे कळलं ते आईमुळे. 'मून क्रिस्टल' नावाचा एक छोटा वाद्यसंगीताचा तुकडा आहे. मी तो बाहेरच्या खोलीत लावला होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुठली रे मालिका लागलीय? ही धून ऐकलेली आहे." तिने ती ऐकलेली असणं शक्यच नव्हतं. पण तिच्या डोक्यात दूरदर्शनच्या संध्याकाळी होत्या, शीर्षकसंगीत सुरू झालं की हातातलं काम टाकून बाहेर येण्याची सवय होती. तिला एम८३ कोण हे माहीत नाही, पिचफोर्कही माहीत नाही. गोंझालेझला जिथे पोचायचं होतं तिथे तो तुकडा माझ्या घरात सात सेकंदांत पोचला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या मालिका अमेरिकन, आणि हा मुलगा फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाढलेला. ते जग त्याच्यापर्यंत टीव्हीच्या खोक्यातूनच आलं. त्या घरांत, त्या शाळांत तो कधी नव्हता. म्हणजे त्याचं स्मरणरंजन मुळातच उसनं आहे, आणि 'जंक'मध्ये तो ते लपवत नाही. आपल्यापैकी ज्यांनी परदेशी मालिका केबलवर पाहून एक न पाहिलेलं गाव मनात बांधलंय, त्यांना ही भावना कुणी समजावून सांगायला नको. ती खोटी नसते. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओवर वाजलेली सिनेमाची गाणी ऐकून ज्यांचे डोळे भरले, त्यांना मूळ रेकॉर्डिंग चांगलं होतं हे सांगून काय उपयोग?

याचा अर्थ टीका करणारे सगळे चुकले असं नाही. काही आक्षेप मलाही पटतात. १५ गाण्यांत अल्बमची चाल वारंवार तुटते. एखादं गाणं रंगात येतं तोच मधला तुकडा सुरू होतो. 'टाइम विंड'मध्ये बेकसारखा गायक आहे आणि तरी ते गाणं संपल्यावर लक्षात राहत नाही. 'बिबी द डॉग' मला आजही अर्धवट वाटतं. 'वॉकवे ब्लूज' सुरेख आहे, पण ते या अल्बममध्ये का आहे ते कळत नाही. ही कारागिरीची तक्रार आहे, आणि ती योग्य आहे. पण 'हे सगळं वरवरचं आहे' असं जे म्हटलं गेलं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. वरवरचं करणारा माणूस 'फॉर द किड्स'सारखं संथ, उघडं गाणं असं मध्यभागी ठेवत नाही.

वेळ गेल्यावर काय झालं तेही सांगतो. 'सॉलिट्यूड' या गाण्याला नवं आयुष्य मिळालं. फेल्समन आणि टायली या संगीतकार जोडीने त्याची वेगळी मांडणी केली, आणि ती ऐकून कितीतरी तरुण श्रोते मूळ गाण्यापर्यंत आले. ज्या अल्बमला कमी लेखलं त्याच्यातलंच हे गाणं. गोंझालेझने नंतर २०१९मध्ये 'डीएसव्हीआयआय' केला, त्यात जुन्या व्हिडिओ गेम्सच्या संगीताची ओढ आहे, आणि २०२३च्या 'फँटसी'मध्ये तो पुन्हा मोठ्या, भरगच्च ध्वनीकडे वळला. म्हणून 'जंक' मधेच एकटा उभा आहे.

तुम्ही पुन्हा ऐकणार असाल तर पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. आधी 'सॉलिट्यूड' ऐका, तंतुवाद्यं चढत जातात आणि मग कीबोर्ड सोलो येतो तिथपर्यंत. मग 'फॉर द किड्स'. मग 'गो!', आवाज मोठा करून. 'मून क्रिस्टल' घरात कुणी वडीलधारं असताना लावा आणि ते काय म्हणतात ते बघा. आणि 'संडे नाइट १९८७' अगदी शेवटी, रात्री, दिवे घालवून. एम८३च्या ध्वनितंत्रज्ञ जूलिया ब्राइटली वारल्या, त्यांच्या आठवणीत ते आहे. हे माहीत नसताना मीही ते नुसतं 'छान शेवट' म्हणून ऐकत होतो. आता शेवटचा माउथ ऑर्गन सुरू झाला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.