तुम्ही विचारलंत : वाफेवरचे ट्रॉलर आणि त्यावरची माणसं

मागच्या अंकात उत्तर समुद्रातल्या मासेमारीवर छोटं टिपण होतं, त्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची हल आणि ग्रिम्सबी ही दोन बंदरं आली होती आणि वाफेवरच्या ट्रॉलरबद्दल, म्हणजे मागे जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीबद्दल, जेमतेम एक ओळ. त्या ओळीवरच सगळ्यात जास्त मेल आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

शिडाच्या बोटीपेक्षा इंजिनवाली बोट सेफ असणार ना? मग वाफ आल्यावरही एवढी माणसं का गेली? (रत्नागिरी)

लॉजिक बरोबर आहे तुमचं, पण ते मालक बोट कुठे पाठवतो तिथे जाऊन अडकतं. आधी थोडं मागे जाऊ. 1877 च्या सुमारास इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॉर्थ शील्ड्सला विल्यम पर्डी नावाच्या माणसाकडे 'मेसेंजर' ही चाकांची टग होती, मोठी जहाजं ओढून बंदरात आणायचं काम, आणि तेव्हा त्या धंद्यात मंदी होती, मग रिकामी टग ठेवून करायचं काय म्हणून त्याने मागे जाळं लावून बघितलं. मासा मिळाला. मग बाकीचे टगवालेही त्यात उतरले. 1881 मध्ये हलच्या अर्ल्स यार्डात ग्रिम्सबीच्या कंपनीसाठी खास ट्रॉलिंगचीच म्हणून 'झोडियॅक' बांधली गेली आणि तिथून खरं चक्र फिरलं. 1894 पासून ओटर ट्रॉल आला, म्हणजे जाळ्याचं तोंड उघडं धरायला आधी जी एक लांबलचक लाकडी तुळई लागायची ती गेली, तिच्या जागी दोन बाजूला दोन जड फळ्या, बोट ओढायला लागली की पाण्याच्या दाबाने त्या आपोआप एकमेकींपासून लांब जातात. तुळईची अडचण गेल्यावर जाळं कितीही मोठं करा. विसेक वर्षांत हल-ग्रिम्सबीची शिडाची स्मॅक जवळपास संपली, बऱ्याच फॅरो बेटं आणि आइसलँडकडे सेकंडहँड विकल्या गेल्या.

आता सेफ्टीचं. वारा पडला तरी बोट चालते, मासा ताजा असताना बंदर गाठते, हे सगळे फायदे खरेच. पण कोळसा रोज जळतो, बोटीची किंमत स्मॅकच्या कितीतरी पट, मालकाला ती धक्क्याला उभी परवडत नाही, त्यामुळे हिवाळ्यात थांबायचं वगैरे सगळं बंद. आणि जवळचा मासा कमी झाला तशा बोटी लांब गेल्या. 1891 पासून इंग्लिश वाफेचे ट्रॉलर आइसलँडला जायला लागले आणि मग तिथे जानेवारीतसुद्धा जायला लागले. माझं म्हणणं एवढंच की बोट जितकी मजबूत झाली तितकी ती जास्त वाईट जागी नेली गेली, त्यामुळे वाचलेला धोका सगळा परत खर्च झाला.

एक उदाहरण देतो, इंग्लिश नाही, जर्मन आहे. 'फ्रीडरिश आल्बर्ट' नावाचा ट्रॉलर जानेवारी 1903 मध्ये आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर रुतला. वर 12 माणसं. बाराच्या बारा जिवंत उतरली. पण तो किनारा म्हणजे स्कायदरारसांदूर, हिमनदीच्या पाण्याने आणलेली काळी वाळू मैलोनमैल, मधूनमधून बर्फाळ नद्यांचे फाटे, घर नाही झाड नाही काही नाही. ही माणसं त्या वाळवंटात 11 दिवस भटकत होती, नदी आडवी आली की परत फिरायचं, दुसरीकडून बघायचं. तिघं वाटेत गेले. बाकीचे कसेबसे एका शेतकऱ्याच्या घरी पोचले तेव्हा हातपाय गारठून मेलेले होते, डॉक्टरांना बऱ्याच जणांचे पाय-बोटं कापावी लागली. यानंतर रेक्याविकच्या जर्मन कॉन्सुलने, डिटलेव थॉमसेनने, त्या वाळूत फुटलेल्या बोटींच्या लोकांसाठी आसऱ्याची झोपडी बांधून दिली. म्हणजे बुडून मेलेल्यांचाच हिशोब धरला तर ही माणसं त्यात येतच नाहीत.

माझे वडील तांडेल होते. त्या ट्रॉलरवर खलाशांचं रोजचं काम कसं चालायचं ते सांगा ना. (वर्सोवा)

दादा, तुमच्या वडिलांना अर्ध्याहून जास्त ओळखीचं वाटलं असतं बघा. उत्तर समुद्रातल्या बोटीवर नऊ-दहा माणसं. स्किपर म्हणजे तांडेलच, त्याच्या खाली मेट, मग बोसन म्हणजे डेकवरच्यांचा मुकादम, डेकवरचे दोन-तीन, दोन इंजिनवाले, एक ट्रिमर म्हणजे कोळसा ढकलून भट्टीपर्यंत आणणारा पोरगा, आणि कुक, तोही कधीकधी पोरगाच. जाळं टाकायचं, साधारण तीन-चार तास ओढायचं, उचलायचं, रिकामं करायचं, लगेच परत टाकायचं. दिवस-रात्र असा फरक नाही. एक ओढ चालू असताना आधीच्या ओढीचा मासा साफ करायचा, म्हणजे झोपायचं कधी हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

जाळं उचलायची वेळ सगळ्यात वाईट. आत्ताच्या ट्रॉलरला जाळं मागून वर येतं, तेव्हा बाजूने यायचं. त्यासाठी बोट थांबवून लाटांना आडवी करायची, म्हणजे जी गोष्ट एरवी कुठलाही तांडेल टाळेल ती दिवसातून पाच-सहा वेळा मुद्दाम करायची. डेकचा मधला भाग बुटका, कठड्यावर ओणवं होऊन पाच-सात जण हाताने जाळं आत ओढतायत आणि एक मोठी लाट आत आली की कोणीतरी गेला. अंगात तेलकट कापडाचे जड कपडे, मांडीपर्यंत बूट, पाणी शिरलं की संपलं. वाफेच्या विंचवर पोलादी तार ताणलेली असायची, ती तुटली तर मधे असेल त्याचं काय होतं ते लिहीत नाही.

आणि मनगटं. ओल्या खारट बाह्या सारख्या घासून मनगटाभोवती गळवं यायची, त्या काळच्या मच्छीमारांच्या आठवणींत ही गळवं हमखास भेटतात. माशाचा काटा बोटात घुसला, पू झाला तर डॉक्टर शेकडो मैल लांब.

पण मला विचाराल तर सगळ्यात मूर्खपणाचे मृत्यू पेट्यांच्या कामात झाले. हलचे काही मालक ताफा पद्धत वापरायचे. चाळीस-पन्नास ट्रॉलर एकत्र, पाच-सहा आठवडे समुद्रातच, त्यांचा एक 'अ‍ॅडमिरल' म्हणजे अनुभवी स्किपर झेंड्याने किंवा रात्री रॉकेट उडवून सांगणार की आता इकडे ओढा, आता तिकडे. रोजचा मासा पेट्यांत भरून एका वेगवान बोटीला द्यायचा, ती थेट लंडनला बिलिंग्सगेटच्या बाजारात. तर या पेट्या त्या बोटीपर्यंत न्यायच्या कशा? छोट्या होडीतून, वल्ही मारत, भर समुद्रात, दोन-तीन माणसं, आणि होडीत काठोकाठ पेट्या. ट्रॉलर शाबूत, बाजारात मासा वेळेवर, फक्त होडीतली माणसं नाहीत, असं कितीदा तरी झालं. यात वादळाचा काय दोष सांगा. ही पद्धत शिडाच्या काळापासूनची, वाफ आली तरी तशीच चालू राहिली कारण ती स्वस्त होती.

मी हलमध्ये नर्स आहे. हेसल रोडच्या कोपऱ्यावर एका मच्छीमाराचा पुतळा आहे, कामावर जाताना रोज दिसतो. इथल्या कलीग म्हणतात, त्याला रशियन लोकांनी मारलं. खरंच? (हल, इंग्लंड)

खरंच ताई, आणि गोष्ट इतकी विचित्र आहे की कोणी कादंबरीत लिहिली तर आपण म्हणू काहीही हं.

ऑक्टोबर 1904. रशिया-जपान युद्ध चालू. रशियाचं बाल्टिक आरमार अ‍ॅडमिरल रोझेस्तवेन्स्कीच्या हाताखाली अर्ध्या जगाला वळसा घालून जपानशी लढायला निघालं होतं आणि निघाल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच भूत की जपानी टॉर्पेडो बोटी उत्तर समुद्रात लपून बसल्यात. जपानी बोटी, युरोपात! 21 तारखेच्या रात्री उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ भागावर हलचा 'गेमकॉक' ताफा मासे मारत होता, ताफ्याचं नेहमीचं रॉकेट उडालं आणि रशियनांना वाटलं हल्ला झाला. सर्चलाइट टाकले आणि तोफा सुरू. ट्रॉलरवाल्यांना आधी वाटलं ब्रिटिश नेव्हीचा सराव चाललाय, ते बघत उभे. मग गोळे अंगावर यायला लागले तेव्हा पळता येईना कारण जाळी खाली होती, एवढं वजन ओढत वाफेची बोट तरी किती पळणार. असं सांगतात की काही जणांनी सर्चलाइटच्या उजेडात हातातले मासे वर धरून दाखवले, की बाबांनो आम्ही कोळी आहोत.

'क्रेन' नावाचा ट्रॉलर बुडाला. त्याचा स्किपर जॉर्ज स्मिथ आणि विल्यम लेगेट हे दोघं जागीच गेले, उरलेल्यांना 'गल' या ट्रॉलरने उचललं. दुसऱ्या एका ट्रॉलरवरचा वॉल्टर व्हेल्प्टन काही महिन्यांनी वारला, तो तिसरा धरतात. गोंधळ एवढा की रशियनांचे गोळे त्यांच्याच 'अरोरा' क्रूझरला लागले आणि वरचा पाद्री मेला. (हीच ती अरोरा, 1917 च्या क्रांतीत पेत्रोग्राडला जिने बार काढला.) ब्रिटन आणि रशियात युद्ध पेटायच्या बेताला आलं होतं, मग पॅरिसला आंतरराष्ट्रीय चौकशी बसली, रशियाने 66,000 पौंड भरपाई दिली. पुतळा 1906 चा, जॉर्ज स्मिथचा. आणि आरमार? ते पुढे गेलं आणि मे 1905 मध्ये त्सुशिमाला खऱ्या जपान्यांनी त्याचा फडशा पाडला.

एक खटकतं मात्र. पेट्यांच्या होड्यांत गेलेल्यांची कधी आंतरराष्ट्रीय चौकशी झाली नाही. पुतळा व्हायला बहुतेक मारणारा परदेशी लागतो.

कमावता माणूस बोटीबरोबर गेला तर घरच्यांना काय मिळायचं? इन्शुरन्स वगैरे होतं का? (पुणे)

बोटीचा होता, माणसाचा फारसा नाही. स्किपर आणि मेट हिश्श्यावर, बाकीच्यांना आठवड्याचा पगार आणि वर विक्रीतला थोडा वाटा. फेरी तोट्यात गेली, म्हणजे कोळसा, बर्फ, खाणं वजा करून काही उरलं नाही, तर हिश्श्यावरचा माणूस तीन आठवडे राबून घरी रिकाम्या हाताने जायचा किंवा वर मालकाचंच देणं व्हायचा. 1901 मध्ये ग्रिम्सबीच्या मालकांनी बाकीच्यांचा पगारही असाच विक्रीला जोडायचा घाट घातला, माणसांनी नाही म्हटलं, मालकांनी सगळा धंदाच बंद ठेवला, महिनोन्महिने बोटी धक्क्याला आणि शेवटी मालकांच्या ऑफिसवर दगडफेक, जाळपोळ. म्हणजे माणसं काही गप्प बसून सोसत होती असं समजू नका.

1906 च्या कायद्याने कामगार नुकसानभरपाई खलाशांनाही लागू केली, चांगली गोष्ट, पण त्यात एक पोटकलम असं की मासेमारी बोटीवर जो नफ्यातल्या किंवा विक्रीतल्या हिश्श्यावर काम करतो त्याला लागू नाही. का, तर तो मजूर नाही, पार्टनर! तोट्यात पार्टनर आणि मेल्यावरही पार्टनर. घरच्यांच्या वाट्याला मग चर्चची मदत, गावात जमवलेला फंड, शेजारपाजार.

आणि कळायचं तरी कधी? सुरुवातीच्या ट्रॉलरवर वायरलेस नव्हती. बोट उशिरा, मग खूप उशिरा, मग दुसऱ्या बोटींना विचारायचं कुठे दिसली का, आणि कित्येक आठवड्यांनी कोणीतरी म्हणायचं आता नाही येत. फेब्रुवारी 1925 च्या आइसलँडच्या वादळात 'लेफुर हेप्नी' आणि 'फील्ड मार्शल रॉबर्टसन' हे दोन ट्रॉलर नाहीसे झाले, 68 माणसं, जहाजं लावून आठवडेच्या आठवडे शोध झाला, काही सापडलं नाही. दुसरा ट्रॉलर हलच्या मालकांचा, पण वरचे बहुतेक खलाशी आइसलँडचे. थंडीत उडालेलं पाणी दोरखंडांवर, डोलकाठीवर गोठत जातं, बोट वरून जड होते, कुऱ्हाडीने फोडत राहिलं नाही तर उलटते.

(आणखी दोघींनी विचारलंय की हलच्या बायका नवरा निघायच्या दिवशी कपडे धूत नसत का. हो, नसत. धुतले तर नवरा वाहून जाईल म्हणून. निरोपाला धक्क्यावर जाणंही अशुभ.)

आपल्या मुंबईत वाफेचा ट्रॉलर कधी आला होता का? (करंजा, उरण)

आला होता. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेचा ट्रॉलर आपल्या किनाऱ्यासमोर चालवून बघितला. त्याआधी 1908-09 ला बंगालच्या उपसागरात 'गोल्डन क्राउन', नंतर 1927-28 ला मद्रासकडे 'लेडी गोशेन', अशी सरकारी खटपट चालू होती. मुंबईत धंदा म्हणून काही ते पुढे सरकलं नाही. मला विचाराल तर नुसती बोट आणून भागत नाही. ग्रिम्सबीला रेल्वे कंपनीनेच गोदी बांधलेली, धक्क्यावर रूळ, बर्फ, कोळसा, आणि रात्रीत मासा इंग्लंडभर. त्यातलं मुंबईत काय किती होतं ते बघा, आणि समोर डोल जाळ्यावर बिनकोळशाचा बोंबील आणणारे आपले कोळी. त्यांच्याशी भावात टक्कर कशी देणार? आपल्याकडे ट्रॉलिंग रुजलं ते स्वातंत्र्यानंतर, आणि तेही डिझेलवर.

तुमच्या पत्रात दुसरा प्रश्न होता की वाफेच्या ट्रॉलरने तिकडचा मासा संपवला का. संपवला नाही पण मोजण्याइतका कमी केला. 1883 मध्ये थॉमस हक्सलीसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात सांगितलं होतं की समुद्रातली मोठी मासेमारी माणसाच्याने आटणार नाही, तेव्हा झोडियॅकला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मग पहिल्या महायुद्धात नेव्हीने शेकडो ट्रॉलर सुरुंग काढायला उचलले, उत्तर समुद्राला चार वर्षं बऱ्यापैकी सुट्टी मिळाली, आणि युद्धानंतर जाळी पडली तेव्हा मासा जास्त आणि मोठा निघाला. पुढे काही वर्षांत परत पहिल्यासारखं. तुमच्या सोसायटीत पावसाळी बंदीवरून जो वाद चाललाय म्हणता, त्यात हे खुशाल सांगा, फक्त बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दोन महिन्यांचा घरखर्च कोण देणार तेही त्याच मीटिंगमध्ये सांगावं.