‘वसाहत’ आणि दोन नांगर

एका शिक्षिकेने विचारले आहे की, ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांवर वसाहतवादाचा काय परिणाम झाला हे नववीच्या वर्गात शिकवताना ‘वसाहत’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे पोलीस वसाहत उभी राहते. तेव्हा ‘उपनिवेश’ म्हणावे काय, आणि तेथील लोकांना ‘आदिवासी’ म्हणावे की ‘मूलनिवासी’?

‘उपनिवेश’ मुळीच म्हणू नये. हा शब्द अधिक शास्त्रीय आहे असे काही पंडित ठासून सांगतात. परंतु ज्या हिंदीतून तो उचलला, तिच्यात आज पैशांच्या गुंतवणुकीलाही ‘निवेश’ म्हणतात, तेव्हा नववीतल्या मुलाला त्यातून कोणता उलगडा होणार, हे त्यांनीच सांगावे.

पोलीस वसाहतीचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. खरी मौज ‘कॉलनी’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘कोलोनिया’ म्हणजे ‘कोलोनुस’ची, अर्थात जमीन कसणाऱ्याची वस्ती, त्यामागे ‘कोलेरे’ हे कसणे आणि राहणे या अर्थांचे क्रियापद आहे, त्यातूनच ‘कल्चर’ निघाले, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ आपल्या ‘चर्’ धातूशी जोडतात. नवे नगर वसवताना रोमन लोक गाय आणि बैल जुंपून नांगराने त्याची सीमा आखत असत. मराठी माणसाला येथे पुणे आठवलेच पाहिजे : आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाऊंच्या काळात तेथेच सोन्याचा नांगर फिरला, अशी कथा आहे. वसवणारा नांगर आणि उजाड करणारा नांगर असे दोन नांगर आपल्या भाषेने जपले आहेत.

आता माझे मत, जे कोशकारांना बहुधा पटणार नाही. मराठेशाहीत उजाड गावी कौल, म्हणजे अभयाचे वचन, देऊन रयत आणली जाई, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवून तो इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने, चढवत नेला जाई आणि गाव पुन्हा नांदते होई. ही खरी वसाहत. तिला आधी ओस पडलेले गाव लागते. ‘ओस’ हा शब्दही ‘उद्वस’वरून, म्हणजे ‘वसाहत’ ज्यातून निघाली त्याच ‘वस्’ (राहणे) धातूतून आलेला आहे. म्हणून मी म्हणतो की ‘वसाहत’ या शब्दाच्या पोटातच ‘ओस’ आहे, आणि जेथे जमीन ओस नसते तेथे ती आधी ओस ठरवावी लागते.

ऑस्ट्रेलियात नेमके हेच झाले. 26 जानेवारी 1788 रोजी इंग्रज सिडनीच्या खाडीत उतरले तेव्हा किनाऱ्यावर माणसे राहत होती. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने त्या परिसरातील वस्त्या खरोखर ओस पाडल्या, आणि कायदा मात्र तेथील जमिनीला पहिल्यापासून कोणी धनीच नव्हता असे धरून चालला. हे गृहीतक मोडायला 3 जून 1992 उजाडावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरील एडी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखल केलेल्या दाव्यात, आपल्या बेटावर कोणाची बाग कोठे संपते आणि कोणाची सुरू होते हे सांगितले गेले. ‘कोलेरे’च्या भाषेत बोलायचे तर जमीन कसणारे तेथे आधीपासूनच होते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बेटावरच्या मेरियम लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. माबो तो निकाल ऐकायला राहिले नव्हते, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते.

म्हणूनच ‘सिडनीत इंग्रजांची वसाहत वसली’ हे वाक्य कानी पडले की माझे डोके फिरते. पावसाळ्यात अळंबी उगवावी तशी ती आपोआप वसली काय? ती वसवली, आणि ‘वसवली’ म्हटले की लगोलग ‘कोणाला उठवून?’ असे विचारता येते. धरणाखाली गेलेल्या गावचा म्हातारा ‘आमचं गाव उठवलं’ असेच म्हणतो, आणि त्याचे नवे घरही पुनर्वसन वसाहतीतच असते. त्या ‘उठण्या’तला ‘उद्’ आणि ‘उद्वस’मधला ‘उद्’ एकच. वर्गात अशा घरचे एखादे मूल असेल, तर ‘वसाहत’ शब्द बदलण्याची गरजच पडणार नाही.

राहिला दुसरा प्रश्न. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रातील राजकारणात स्वतंत्र अर्थ आहे, तेव्हा सामान्य नाम हवे तेथे ‘मूळ रहिवासी’ पुरे. पण शक्य तेथे त्यांचे स्वतःचे नाव घ्यावे, सिडनीच्या किनाऱ्यावरचे ते गॅडिगल आणि मेर बेटावरचे ते मेरियम. मेरियम हे टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी असून मुख्य भूमीवरील ॲबोरिजिनल लोकांपासून वेगळे आहेत, त्यामुळे दोघांना एकाच ‘आदिवासी’ शब्दात कोंबणे तेथेही चुकीचेच ठरते.