महत्त्वाचे वैज्ञानिक आणि ऐतिहासिक शोध कोणी लावले?

नुसती यादी हवी असेल तर कुठल्याही जीकेच्या पुस्तकात मिळेल, रेडियम म्हणजे क्युरी दांपत्य, तुतनखामेनची कबर म्हणजे हॉवर्ड कार्टर १९२२ वगैरे, परीक्षेला तेवढं पुरतं. पण तुम्ही "कोणी" असं विचारलंय म्हणून सांगतो, आपण जे नाव पाठ करतो त्या माणसाने बऱ्याचदा कामाचा एकच टप्पा पार केलेला असतो.

पेनिसिलिनचंच बघा. फ्लेमिंगला १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मेलेले दिसले हे खरंच आहे, पण ते शुद्ध करून औषध बनवणं त्याला काही जमलं नाही. पुढे दहाएक वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी ते काम हातात घेतलं. त्यांच्या टीममध्ये नॉर्मन हीटली म्हणून एक जण होता, हा माझा फेव्हरेट. युद्ध चालू, भांडी मिळेनात, तर या पठ्ठ्याने चक्क बेडपॅनमध्ये बुरशी वाढवली, आणि त्या पाण्यातून पेनिसिलिन खराब न होऊ देता वेगळं काढायची युक्तीही त्याचीच. १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं, तो सुधारायलाही लागला, पण औषध इतकं थोडं की त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा टोचत होते, तरी शेवटी संपलंच आणि बिचारा गेला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेनला मिळालं. हीटली बाहेरच. ऑक्सफर्डने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती थेट १९९० मध्ये!

इतिहासातही तेच. ग्रीसच्या क्रीट बेटावर आर्थर इव्हान्स या पुरातत्त्वज्ञाला १९०० च्या सुमारास मातीच्या पाट्या सापडल्या, त्यावरच्या एका लिपीला लिनियर बी म्हणतात. ती १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने वाचली, आणि हा माणूस प्रोफेसर नव्हे, आर्किटेक्ट. खाली ग्रीक भाषा निघाली, जे त्याला स्वतःलाही आधी पटत नव्हतं. पण त्याच्याआधी अ‍ॅलिस कोबर नावाच्या बाईंनी कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात या चिन्हांची हजारो कार्डं हाताने बनवली होती, कागदाची टंचाई म्हणून मिळेल तो कागद कापून, आणि ठेवायची कुठे तर सिगारेटच्या खोक्यांत. या भाषेत शब्दांचे शेवट बदलतात हे त्यांनी दाखवून दिलं आणि त्यावरच पुढचं बरंच काम उभं राहिलं. त्या १९५० मध्येच गेल्या, लिपी वाचली गेलेली त्यांना बघायला मिळालीच नाही. माझ्या मते इथे व्हेंट्रिससोबत कोबरबाईंचं नाव आलंच पाहिजे.

ऑक्सिजनचा घोळ मात्र खरंच अवघड आहे. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने तो आधी बनवला पण त्याचं पुस्तक रखडलं ते १७७७ मध्ये आलं, इंग्लंडच्या प्रीस्टलीने १७७४ मध्ये बनवला आणि छापूनही आधी आणला, पण आपण नक्की काय बनवलंय हे त्याला मरेपर्यंत पटलं नाही, जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं या जुन्या कल्पनेलाच तो धरून बसला. ज्वलनात हा वायू काय करतो ते सांगितलं फ्रान्सच्या लॅव्हॉझिएने, नावही त्याचंच, त्यामुळे मी त्यालाच मत देईन. फक्त प्रीस्टलीनेच पॅरिसला जेवणाच्या टेबलावर त्याला या वायूबद्दल सांगितलं होतं, आणि लॅव्हॉझिएसाहेब पहिल्या निबंधात ते लिहायचं सोयीस्कर विसरले.