ग्रिड आणि मार्टिंगेल रोबो: तेरावा सौदा उघडतच नाही

आपला प्रश्न असा आहे: युरो-डॉलरवर भाव विरुद्ध गेला की दर २५ पिपांना (पिप म्हणजे भावातला ०.०००१ चा बदल) नवा सौदा घेणारा आणि प्रत्येक पायरीला लॉट (सौद्याचा आकार; १ लॉट म्हणजे १,००,००० युरो) १.५ पट वाढवणारा ग्रिड रोबो, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, आठ महिन्यांच्या बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवरच्या चाचणीत) एकदाही तोट्यात बंद झाला नाही, तर तो ५,००० डॉलरच्या खात्यावर ०.०१ लॉटपासून सुरू करावा का? या रचनेत तो सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपल्याच आकड्यांत आहे.

०.०१ लॉटवर एका पिपची किंमत १० सेंट असते. लॉटचे पूर्णांकन बाजूला ठेवले, तर भाव पहिल्या सौद्यापासून २७५ पिप विरुद्ध गेल्यावर बारावा सौदा उघडतो. तेव्हा एकूण सुमारे २.५७ लॉट हातात असतात आणि उघड्या सौद्यांचा तोटा सुमारे १,२२७ डॉलर असतो. इथपर्यंत खाते सुस्थितीत वाटते. पुढच्या २५ पिपांत मात्र तोटा १,८७१ डॉलरवर जातो, इक्विटी (शिल्लक वजा उघड्या सौद्यांचा तोटा) ३,१२९ डॉलर उरते, आणि तेराव्या सौद्यासह होणाऱ्या ३.८७ लॉटसाठी १:१०० लिव्हरेजवर (स्वतःच्या रकमेच्या १०० पट सौदा घेण्याची मुभा) ३,८७० युरो मार्जिन, म्हणजे अडकवून ठेवायची रक्कम, लागते. तेवढे मार्जिन नसल्यामुळे तेरावा सौदा उघडतच नाही. सरासरी भाव जवळ आणणारा सौदाच अडल्यामुळे बास्केट (सर्व उघडे सौदे मिळून) नफ्यात येण्याची पातळी जिथल्या तिथे राहते, भाव पुढे सरकत राहतो, प्रत्येक पिपला २५ डॉलरहून अधिक जातात आणि सव्वाशे पिपांच्या आत खाते संपते.

बॅकटेस्टने हे दाखवले नाही, कारण त्या आठ महिन्यांत परत न फिरणारी अशी चाल आली नसावी. मे २०१४ मध्ये १.३९ च्या वर गेलेला युरो मार्च २०१५ मध्ये १.०५ च्या खाली उतरला होता. त्या ३,४०० पिपांच्या घसरणीत खरेदीच्या बाजूने बसलेला असा रोबो टिकणे शक्य नव्हते. तो काळ धरून चाचणी पुन्हा घ्या, आणि बॅलन्सऐवजी इक्विटीची रेषा पाहा. बॅलन्समध्ये फक्त मिटवलेले सौदे दिसतात आणि ग्रिडचा तोटा नेमका न मिटवलेल्या सौद्यांत साठलेला असतो.

प्रत्येक तोट्यानंतर लॉट दुप्पट करणाऱ्या शुद्ध मार्टिंगेलचे गणित याहून कठोर आहे. जिंकण्या-हरण्याची शक्यता समसमान असलेल्या खेळात दहा पायऱ्यांची मर्यादा ठेवली, तर १,०२४ पैकी १,०२३ फेऱ्यांत १ एकक मिळते आणि एका फेरीत १,०२३ एकके जातात. सरासरी लाभ शून्य येतो आणि त्यातून स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक) व स्वॅप (सौदा रात्रभर ठेवण्याचा आकार) वजा होतात. अशा १,००० फेऱ्यांत ती एक फेरी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के असते. गुणक कमी केला की तोट्याचा वेग कमी होतो. नसलेला फायदा त्यातून निर्माण होत नाही.

म्हणून रचना उलट्या बाजूने करावी, असे मी आग्रहाने सांगतो: एका बास्केटमागे किती रक्कम गमवायची हे आधी ठरवावे आणि त्यावरून अंतर, लॉट व पायऱ्यांची संख्या काढावी. उदाहरणार्थ, ०.०१ चा समान लॉट, ५० पिपांचे अंतर आणि २० पायऱ्या ठेवल्या, तर विसावा सौदा उघडताना भाव ९५० पिप विरुद्ध गेलेला असतो आणि तोटा ९५० डॉलर असतो. हाही तोटा मोठाच आहे, आणि पायऱ्या दुप्पट केल्या तर तो चौपटीहून थोडा अधिक होतो. पण तो आधीच मोजता येतो आणि तिथे संपूर्ण बास्केट बंद करण्याचा नियम पाळता येतो. आपला नफा मात्र खूपच हळू येईल, हे मान्य करावे लागेल. युरो-डॉलर आणि पाउंड-डॉलरवर एकाच वेळी ग्रिड चालवणार असाल, तर ती मर्यादा दोन्हींची मिळून धरा, कारण डॉलर एका दिशेने धावला की दोन्ही बास्केट बहुधा एकत्रच बुडतात.

प्रत्येक सौद्याचा स्टॉप लॉस (ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारी सूचना) ब्रोकरच्या सर्व्हरवर ठेवा; फक्त रोबोच्या कोडमध्ये असलेली मर्यादा इंटरनेट तुटले की निरुपयोगी ठरते. टर्मिनल (रोबो चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू झाल्यावर रोबोने मॅजिक नंबरवरून (रोबो आपल्या सौद्यांना देतो तो ओळख क्रमांक) आधीचे सौदे ओळखलेच पाहिजेत. माझ्या एका जुन्या रोबोने ते केले नाही आणि चालू ग्रिडवर दुसरा ग्रिड उभारला. ते माझ्या लक्षात यायला एक संपूर्ण रात्र गेली.

सर्व्हरवरचा स्टॉपही ठरलेल्या भावाला मिळेलच असे नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची किमान पातळी सोडली, तेव्हा भाव काही मिनिटांत १.०० च्या खाली गेला आणि अनेकांचे स्टॉप फार खालच्या भावाला बसले. त्यामुळे खात्यात फक्त एवढीच रक्कम ठेवा की जी पूर्ण गेली तरी चालेल, आणि ऋण शिल्लक भरून द्यावी लागते का, हे ब्रोकरच्या करारात सौदे सुरू करण्यापूर्वी वाचून घ्या.