आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो. घरकामाला येणाऱ्या ताईंची सून दिघ्याला राहते, ती गरोदर आहे. सरकारी योजनेत तिचं नाव घालायला काय करावं लागतं, आणि हे सगळं इतकं किचकट का आहे?

तुम्ही ऐरोलीला राहता आणि ताईंची सून दिघ्याला, असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसले. दिघा, इलठणपाडा, यादवनगर या पट्ट्यात मी बरीच वर्षं आशा सेविका म्हणून काम केलंय.

आधी कामाचं. तिला उद्याच्या उद्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात पाठवा, नाव घाला, माता-बाल कार्ड घ्या. एवढं झालं की बाकीचं दमानं. तपासण्या, औषधं, रक्त, बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा सरकारी दवाखान्यात फुकट आहे. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, आणि त्याला पिवळं-केशरी रेशन कार्ड लागत नाही. पैसे मिळतात त्या योजना वेगळ्या. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 5000 रुपये आणि दुसरं बाळ मुलगी झालं तर 6000. जननी सुरक्षा योजनेत शहरात 600, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला. कागद लागतात ते या दोन्हीसाठी. तपासणीसाठी नाही. हा फरक ताईंना नीट समजावून सांगा, कारण तो कोणी सांगत नाही आणि त्यातच बायका अडकतात.

एक मुलगी होती, जालन्याकडची. पहिलटकरीण. नवरा नाक्यावर बिगारी. पाचवा महिना संपत आलेला आणि कुठेच नाव घातलेलं नाही. का, तर एका खिडकीवर तिला सांगितलं होतं, "आधारवर इथला पत्ता करून आणा, रेशन कार्ड आणा, उत्पन्नाचा दाखला आणा, मग या." आधारवर माहेरचं नाव. रेशन कार्ड गावी, त्यात हिचं नाव चढवलेलंच नाही. दाखल्यासाठी ठाण्याला तहसील कचेरीत जायचं म्हणजे नवऱ्याचा खाडा, आणि काम झालं नाही तर आणखी एक. कागद जमल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, अशीच तिची समजूत झाली होती. मी घरी गेले तेव्हा तिनं पत्र्याच्या पेटीतून कॅरीबॅग काढून माझ्यापुढे ठेवली. आत आधारची घडीवर फाटलेली झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि सरपंचाचं पत्र. मी कागद बाजूला ठेवले आणि तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. नखंही तशीच.

दुसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन गेले. खिडकीवर तोच माणूस. म्हणाला, "सिस्टीम घेत नाही ताई." मी म्हटलं, "सिस्टीमचं नंतर बघू. हिला सहावा लागतोय, सिस्टरना बोलवा." आवाज चढला तशा सिस्टर बाहेर आल्या. पोरीकडे एकदा बघितलं आणि पेनानं कार्ड भरायला घेतलं. वजन, बीपी, रक्त. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, सातच्या आसपास, फारच कमी. लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवून सलाइनमधून लोह सुरू केलं. पोर्टलवरची नोंद मागाहून झाली, कुणाचं काही बिघडलं नाही. नऊ महिने भरून बाळंतपण झालं, बाळ अडीच किलोच्या वर. आणखी महिना-दीड महिना ती कागदांमागे फिरली असती तर काय झालं असतं, हे मला अजून कोणी विचारू नये.

पैशांचं मात्र लांबलं. पोर्टलवर रक्कम जमा दिसायची, हातात दमडी नाही. लग्नाआधी शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत खातं काढलं होतं, ते आधारला जोडलेलं राहिलं होतं, पैसे तिथे गेलेले. फॉर्मवर कोणतंही खातं लिहा, पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात. तुमच्या ताईंच्या सुनेचं कोणतं खातं जोडलंय ते फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या.

आता किचकट का, ते. माझे धाकटे दीर बँकेत आहेत. या विषयावरून दर गणपतीत आमची जुंपते. त्यांचं म्हणणं, पडताळणी नसेल तर बोगस नावं घुसतील. पैशांसाठी पडताळणी करा, मी कुठे नको म्हणते? पण सिस्टर दर महिन्याला जिचं पोट तपासतेय, बाळाचे ठोके ऐकतेय, ती बोगस कशी? मातृ वंदनात दुसरा चालणारा पुरावा नसेल तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला मागतात. दिघ्याच्या झोपडीत राहून चार घरची भांडी घासणाऱ्या बाईनं आठ लाख कमावत नसल्याचा दाखला आणायचा? आणि नाव, पाळीची तारीख, बाळंतपण, बाळाच्या लसी हे सगळं आरोग्य खात्याच्या नोंदीत असतंच. त्यावरूनच मातृ वंदनाचा फॉर्म भरला जावा. बाईला पुन्हा रांगेत का उभं करता? माझं उत्तर एवढंच आहे.

दीर अमेरिकेचं फार सांगतात, तिथे म्हणे फुकट काही मिळत नाही. तिथे गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना आहे, आणि देशातल्या दहापैकी साधारण चार बाळंतपणांचा खर्च तीच उचलते. 1986 मध्येच तिथल्या कायद्यानं राज्यांना मुभा दिली की गरोदर बाई सांगेल त्या उत्पन्नावर विश्वास ठेवून दवाखान्यातच तिला तात्पुरतं योजनेत घ्यावं, कागद नंतर बघावेत. आपल्याकडेही 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलंय की गरिबीचा पुरावा नाही म्हणून गरोदर बाईला उपचार नाकारता येणार नाहीत. आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात नियमित सरकारी नोकरीतल्या वगैरे सोडल्या तर प्रत्येक गरोदर बाईला किमान 6000 रुपयांचा हक्क लिहिलाय. पहिलं बाळ, दुसरी मुलगी असली चाळणी त्या कलमात नाही, ती नंतर आली. यंदा गणपतीत दीरांना हे कलमच वाचून दाखवणार आहे.

सगळेच कर्मचारी खिडकीवरच्या त्या माणसासारखे नसतात, हेही सांगते. एकेका सिस्टरवर एवढी वस्ती असते की जेवायला वेळ नसतो. पैशांच्या योजनांचे नियम बदलत राहतात, तेव्हा फॉर्मचं तिथल्या आशाताईंनाच विचारा. सून सातव्या महिन्यात माहेरी जाणार असेल तर माता-बाल कार्ड सोबत द्या, ते कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. आणि फॉर्मवर मोबाइल नंबर सुनेचाच घाला. नवऱ्याचा फोन साइटवर असतो, ओटीपी येतो आणि जातो.