मुलाला क्वार्टरबॅक व्हायचंय आणि तुम्ही कोलंबसला येताय

तुम्ही विचारलंय की कंपनी एच-१बीवर ओहायोतल्या कोलंबसला पाठवतेय, मुलगा आठवी संपवतोय, यूट्यूबवर अमेरिकन फुटबॉलचे सामने बघून त्याने क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी, व्हायचं डोक्यात घेतलंय. तर पुढे कॉलेजची फी त्यावर सुटेल का? फीचा हिशोब यात धरू नका. खेळू मात्र जरूर द्या.

मैदानात एका बाजूचे अकरा जण, त्यात क्वार्टरबॅक एकच. बाकीच्या जागांवर पोरं आलटूनपालटून येतात. ही जागा पहिल्याला दुखापत झाल्याशिवाय किंवा त्याचा खेळ पार बिघडल्याशिवाय रिकामी होत नाही. अमेरिकेत हायस्कूलला दहा लाखांच्या आसपास मुलं फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरात सातेक कॉलेजच्या कुठल्यातरी संघात पोचतात आणि त्यातलीही बरीच डिव्हिजन थ्रीत, म्हणजे कॉलेज-खेळाच्या तिसऱ्या गटात, जिथे खेळावर स्कॉलरशिप मिळतच नाही.

पोचल्यावर पुन्हा थांबणं आलंच. जो बरोचं बघा. इथून तासा-सव्वा तासावरच्या अथेन्सचा मुलगा, वडील तिथल्या ओहायो युनिव्हर्सिटीत डिफेन्सचे कोच. २०१५ला ओहायो स्टेटमध्ये आला. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे सराव संघाबरोबर, पण सामने नाहीत, आणि खेळायच्या चार वर्षांतलं एकही खर्ची पडत नाही. पुढची दोन वर्षं तिथला पहिला क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटच्या मागे. २०१७च्या हंगामाआधी हात मोडला, तेवढ्यात संघातला दुसरा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्स पुढे सरकला. एवढ्या काळात सामन्यांत टाकायला मिळाले अवघे ३९ पास. पण पठ्ठ्याने तीन वर्षांत डिग्री पुरी केली होती. तेव्हा कॉलेज बदललं की एरवी वर्षभर बाहेर बसावं लागे. डिग्रीवाल्याला ती अट नव्हती. २०१८ला तो लुइझियानात एलएसयूला (तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीला) गेला. पहिला हंगाम बरा गेला. २०१९ला ६० टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळाले असे), ५,६७१ यार्ड, पंधराच्या पंधरा सामने खिशात, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी, आणि २०२०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, सिनसिनाटीने त्याला सगळ्यांत आधी उचलला. लोक हा शेवटचा भाग रंगवून सांगतात. मला त्यातली डिग्रीच जास्त महत्त्वाची वाटते. ती हातात नसती तर आणखी एक वर्ष बाकावर गेलं असतं.

आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीमुळे, संघ बदलणं सोपं झालंय. त्यामुळे कोचही हायस्कूलच्या पोराला घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला तयार क्वार्टरबॅक आणतो. नवख्यांची पंचाईत.

पैशांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, २०२५पासून कॉलेजंही कमाईतला थेट वाटा देऊ शकतात. आपल्या मुलांची गाडी अडते ती व्हिसावर. एच-४वरच्या (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलाला कमाईची परवानगी नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, आणि आपल्या लोकांची ग्रीनकार्डची रांग तोवर सहसा सरकत नाही; मग एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यायचा. त्यावरही कॅम्पसबाहेरच्या कामावर कडक बंधनं. स्कॉलरशिप चालते, पण बुटांच्या कंपनीचा करार समोर आला तर सहीआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावंच लागतं. हे इथले कोच सांगणार नाहीत, त्यांना ठाऊकही नसतं.

आता तुमच्या हातातलं. डिव्हिजन वन या सगळ्यांत वरच्या गटासाठी हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी, लागतो, आणि मोजणी नववीपासून होते. म्हणून नववी अर्धी पुण्यात, अर्धी इथे असं करू नका. फुटबॉलचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधीच सुरू होतो. त्याआधी डॉक्टरचा फिजिकलचा (शारीरिक तपासणीचा) फॉर्म भरून लागतो. जूनपर्यंत पोचलात तर उत्तम. कोलंबसच्या डब्लिन, पॉवेल या उपनगरांकडच्या शाळा मोठ्या आहेत. नववीच्या संघातून सहसा कुणाला घरी पाठवत नाहीत, पण क्वार्टरबॅकच्या जागेला तीन-चार पोरं असतात आणि त्यातली काही लहानपणापासून खासगी कोचकडे जाणारी.

आल्यावर त्याला एकदा सराव बघायला न्या. क्वार्टरबॅकच्या मनगटावर पट्टा असतो, त्यात प्लास्टिकखाली बारीक अक्षरांत क्रमांक घातलेल्या प्लेज (ठरवलेल्या चाली). कोच कडेवरून आकडा ओरडतो, पोरगा पट्टा बघतो, दहा जणांना प्ले सांगतो, समोरची रचना बघून कधी ऐनवेळी तीही बदलतो. चेंडू हातात आला की जेमतेम अडीच-तीन सेकंद, तेवढ्यात समोरून धिप्पाड गडी अंगावर येतात. लांब फेकण्याचं कौतुक यूट्यूबवर. कोचचं लक्ष पोरगा त्या सेकंदांत कुठे बघतो याकडे असतं.

मार लागतोच. डोक्याला धक्का बसल्याची शंका आली तरी त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानात सोडायचं नाही, असा ओहायोचा कायदा आहे. तरी कंपनीच्या विम्यात फिजिओथेरपी किती बसते ते येण्याआधी विचारून घ्या.

आणि एक, तो तिकडे सॉकर खेळलाय का? खेळला असेल तर किकरच्या (चेंडूला लाथ मारणाऱ्या गड्याच्या) जागेचाही विचार करा, तिथे पोरं कमी येतात. तसं असेल तर कळवा, आमच्या भागातल्या कोचला विचारून ठेवतो.